हप्ते की रोख ते नंतर, आधी माळ्यावरची ओल बघा

वाचकाचं पत्र थोडक्यात: जुनं घर आहे, थंडीत हीटिंगचं बिल खूप येतं. माळ्याच्या फ्लोअरवर फोम आणि त्यावर प्लास्टिक शीट असं पॅकेज घेतोय, कोटेशन वर्षाच्या बिलाच्या चौपट, बिल निम्मं होईल म्हणतात. १० टक्क्यांच्या लोनवर घेऊ की इमर्जन्सी फंड मोडू? बाथरूमचा एक्झॉस्ट माळ्यावरच सोडलाय, थंडीत छताच्या खिळ्यांवर पाण्याचे थेंब दिसतात, पण फोम टाकला की ते थांबेल असं कॉन्ट्रॅक्टर सांगतो.

नमस्कार,

दोन्ही नको. वर्षाचं बिल १०० धरा, म्हणजे कोटेशन ४००. घरातली पाव उष्णता वरून जाते असं धरलं आणि ती सगळीच्या सगळी थांबली, जे होत नाही, तरी वाचणार २५, मग निम्मं बिल येणार कुठून? खरे १५ वाचतील. ४०० वर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ४० होतं. आणि फंड मोडलात तर पैसे वसूल व्हायला पंचवीसेक वर्षं, तोवर घरात काही अडचण आली तर हातात काय?

पण मला खरी काळजी त्या थेंबांची वाटते, कारण फोमने ते थांबणार नाहीत, उलट वाढतील. आत्ता खालची थोडी ऊब वर जाते म्हणून माळा जरा कोमट असतो, इन्सुलेशन घातलं की तो आणखी गार पडणार, एक्झॉस्टची वाफ मात्र तेवढीच येत राहणार, आणि ती गार फळ्यांवर जाऊन पाणी होणार, मग बुरशी, मग लाकूड कुजणार. शिवाय खालून झिरपलेली दमट हवा वरच्या प्लास्टिकखाली अडकून बसेल. थंड हवेत असा पडदा उबदार बाजूला, म्हणजे इन्सुलेशनच्या खाली असतो, वर नाही, आणि हे ज्याला माहीत नाही त्याने हे पॅकेज विकूच नये!

आधी एक्झॉस्टचा डक्ट छतातून नाहीतर भिंतीतून थेट घराबाहेर काढा, माळ्यावरच्या डक्टला इन्सुलेशन गुंडाळा. मग पाइप, वायरी, दिवे जिथून वर येतात त्या फटी आणि माळ्यावर चढायच्या झडपेच्या कडा बंद करा, कारण प्लास्टरमधून मुरते त्यापेक्षा कितीतरी जास्त वाफ या फटींतून हवेबरोबर वर जाते. चिमणीभोवती मात्र फोम नको, तिथे न जळणारंच मटेरियल लागतं. जुनं वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा, ते इन्सुलेशनखाली गाडलं तर तापतं. छत गळत असेल तर अर्थात ते सगळ्यात आधी.

हे झालं की सेल्युलोजचा, म्हणजे कागदाच्या तंतूंचा, सुटा भरावा इन्सुलेशन म्हणून टाका, वळचणीच्या हवेच्या वाटा मोकळ्या ठेवून. या सगळ्याचं वेगळं कोटेशन काढा. १०० च्या आसपास आलं तर सातेक वर्षांत वसूल, आणि तेवढं महिन्याच्या बचतीतून टप्प्याटप्प्याने होऊ शकतं, फंडाला हात न लावता. यंदा फक्त डक्ट आणि फटी केल्या आणि भरावा पुढच्या वर्षी टाकला तरी चालेल, उलटं मात्र करू नका.

आणि लोनच्या कागदांवर अजून सही केली नसेल तर करू नका, केली असेल तर रद्द करायची मुदत किती दिवसांची आहे ते आजच काढून बघा.