बाळ झोपल्याशिवाय ‘बेरा’ का होत नाही?

प्रश्न : अडीच महिन्यांच्या नातवाला ऐकण्याच्या ‘बेरा’ तपासणीसाठी ऐरोलीहून रिक्षाने ठाण्याला नेलं. बाळ मधेच उठलं, तर ‘रेघा नीट आल्या नाहीत, झोपवून परत आणा’ म्हणाले. पैसे काढायचा प्रकार तर नाही? आणि कपाळाला नि कानामागे चिकटवलेल्या तीन-चार वायरींवरून दोष कानात की मेंदूत, हे कळतं तरी कसं?
– एक आजी, ऐरोली

उत्तर : आजी, दुसऱ्या खेपेचे पैसे घेऊ नयेत असं माझं मत, तसं त्यांना स्पष्ट विचारा. पण परत बोलावलं ते योग्यच केलं.

मी नौपाड्यात हेच मशीन चालवते. कानात एक क्लिक वाजला की त्याचा प्रतिसाद कपाळापर्यंत येईतो एक मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी उरतो. बाळ रडलं, चोखायला लागलं, मान आखडली, की स्नायूंची वीज त्याच्या कितीतरी पट. म्हणून क्लिक २००० वेळा वाजवून प्रत्येकानंतरच्या काही मिलिसेकंदांची सरासरी काढतात. प्रतिसाद दर वेळी ठरल्या क्षणी येतो, तो टिकतो. बाकी गोंगाट आपसात कटतो आणि साधारण पंचेचाळिसाव्या हिश्शावर येतो. रडणाऱ्या पोराचा तेवढ्यानेही आवरत नाही.

भिंतीतली वीज मात्र वेळेची पक्की, सेकंदाला ५० आवर्तनं. क्लिक सेकंदाला २५ ठेवले तर ती दर क्लिकला त्याच ठिकाणी सापडेल आणि सरासरीत ठाण मांडून बसेल. म्हणून आम्ही २१.१ असा वाकडा आकडा लावतो.

मग आलेख दोनदा काढून एकावर एक धरायचे. प्रतिसादात एकामागून एक लाटा उमटतात; त्यातली पाचवी लाट दोन्हींत त्याच जागी आली, तर खरी. गोंगाटाच्या आलेखात ती दिसली नाही म्हणून ‘बाळाला ऐकू येत नाही’ असं लिहून दिलं असतं, तर मला जास्त काळजी वाटली असती.

दोष कुठे, ते मुख्यतः वेळेवरून कळतं. पहिली लाट श्रवणाच्या नसेची, पाचवी मेंदूच्या बुंध्याच्या वरच्या भागातली. मोठ्या माणसांत दोन्हींत साधारण ४ मिलिसेकंदांचं अंतर, तान्ह्यात ५ च्या आसपास. पहिलीच उशिरा आली नि पुढचं अंतर ठीक असेल, तर संशय कानाच्या बाहेरच्या-मधल्या भागावर. अंतर लांबलं, तर पुढच्या वाटेवर. वायरी वाढवूनही नुसत्या वरच्या विजेवरून आतली नेमकी जागा ठरत नाही. तीच वीज आतल्या वेगवेगळ्या मांडण्यांतून येऊ शकते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवलंय.

आता चालढकल नको. दोषाचं निदान बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत व्हावं आणि गरज असल्यास उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत. रागावू नका, पण त्या दिवशी टाळू भरू नका. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड धरत नाही, मग आम्ही कपाळ घासत बसतो नि पोर उठतं. दूध तिथे पोचल्यावर, वायरी लावून झाल्या की पाजा. आणि रिक्षात डोळा लागू देऊ नका. तिथे झोपलेलं बाळ आमच्याकडे आलं की हमखास टक्क जागं होतं.