सत्र सुटताना जिन्यावर होणारी गर्दी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तीन मजली शाळेचे सकाळचे सत्र १२.२० ला सुटते आणि दुपारचे १२.३० ला भरते. मधल्या दहा मिनिटांत जिन्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. नवा जिना बांधण्याइतका निधी संस्थेकडे नाही. काय करावे? (पर्यवेक्षिका, नाशिक)

उत्तर : नव्या जिन्याआधी वेळापत्रक तपासावे. दीड मीटर रुंदीच्या जिन्यावरून, सर्व जण एकाच दिशेने चालत असतील तर, मिनिटाला ढोबळमानाने ऐंशी-नव्वद विद्यार्थी उतरतात. म्हणजे एका जिन्यावर सातशे मुले असतील, तर तो रिकामा व्हायला आठ-नऊ मिनिटे लागणारच. त्याच वेळी दुसऱ्या सत्राची मुले चढू लागली, की दोन्ही प्रवाह अडतात आणि खरा धोका तिथे उभा राहतो. सप्टेंबर २००९ मध्ये दिल्लीतील खजुरी खास येथील सरकारी शाळेत अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन किमान पाच विद्यार्थिनींचा मृत्यू झाला, हे कोणत्याही मुख्याध्यापकाने विसरू नये.

म्हणून दुपारच्या मुलांना मैदानावरच तुकडीनुसार थांबवावे, परिपाठ तिथेच घ्यावा आणि जिना मोकळा झाल्याचा निरोप आल्यावरच त्यांना वर सोडावे. सकाळचे सत्र एकाच घंटेवर न सोडता तळमजला आधी, मग तीन-तीन मिनिटांच्या अंतराने पहिला आणि दुसरा मजला असे सोडावे. त्यासाठी दोन सत्रांमधील अंतर दहाऐवजी वीस मिनिटे करावे लागेल आणि तासिकांची काही मिनिटे कमी होतील. माझ्या मते ही किंमत मोजलीच पाहिजे. दोन जिने असल्यास एक चढण्यासाठी व एक उतरण्यासाठी ठेवावा, मात्र आगीच्या वेळी दोन्ही उतरण्यासाठीच वापरायचे आहेत, हे सरावातून मुलांच्या अंगवळणी पाडावे.

प्रश्न : प्रत्येक तासानंतर व्हरांड्यात गोंधळ होतो. (शिक्षक, सांगली)

उत्तर : वर्ग जागेवर ठेवून शिक्षकांनी फिरावे. प्रयोगशाळा आणि संगणक कक्षाचे तास जोडून द्यावेत, म्हणजे ये-जा निम्मी होते. मधली सुट्टी प्राथमिक आणि माध्यमिक विभागांना वेगवेगळ्या वेळी द्यावी.

प्रश्न : व्हरांडा चांगला रुंद आहे, तरीही मुले अडतात. असे का होते? (मुख्याध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : कारण गर्दीचा वेग सर्वांत अरुंद जागेवरून ठरतो. आपण सुटीच्या वेळी वरच्या मजल्यावरून पाहावे आणि रांग नेमकी कुठे थांबते ते टिपावे. बहुतेक शाळांत ती जागा जिन्याच्या तोंडाशी असलेला, अर्धाच उघडला जाणारा लोखंडी जाळीचा दरवाजा असते. उरलेला अर्धा भाग कुलूपबंद असतो आणि किल्ली शिपायांकडे असते. शाळा भरलेली असेपर्यंत तो पूर्ण उघडा ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. जिन्याशेजारचे पिण्याच्या पाण्याचे नळ, जुनी कपाटे आणि निकाल लावण्याचे फलकही हलवावेत, कारण फलकासमोर थांबलेली दहा मुले मागच्या शंभरांना अडवतात. पावसाळ्यात मुले दाराशीच थांबून छत्र्या उघडतात व रेनकोट चढवतात, त्यामुळे तयारीसाठी वर्गातच दोन मिनिटे द्यावीत. जिन्यावर उभ्या शिक्षकांनी “लवकर चला” असे ओरडू नये. मागून घाई झाली की पुढच्या लहान मुलाचा तोल जातो.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिपर लावून चालते. तिला जिन्यावर धक्के बसतात. (पालक, ठाणे)

उत्तर : तिच्या तुकडीचा वर्ग तळमजल्यावर आणावा, अशी लेखी विनंती मुख्याध्यापकांना करा. एका वर्गखोलीची अदलाबदल शाळेला अवघड नसते, आणि अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मान्यताप्राप्त व अनुदानित शाळांनी इमारत अशा विद्यार्थ्यांना वापरता येण्याजोगी ठेवणे अपेक्षित आहे. बदल होईपर्यंत तिला मैत्रिणीसोबत घंटेच्या पाच मिनिटे आधी सोडावे, आणि रोज तीच मैत्रीण अडकू नये म्हणून वर्गशिक्षकांनी पाळी लावावी.