जुन्या गटात नवा माणूस

प्रश्न : आमचा ऑनलाइन वाचनगट जुना आणि जिव्हाळ्याचा आहे. नवे सदस्य येतात, पण थोड्याच दिवसांत गप्प होतात. काय करावं?

उत्तर : मी विणकामाचा असाच एक गट सांभाळते, म्हणून तुमची तळमळ कळते. नवा माणूस आला की वीस जण ‘स्वागत आहे!’ लिहितात आणि लगेच आपापल्या गप्पांकडे वळतात. त्याला विचारत कुणीच काही नाही! आमच्याकडे ते काम एकीवर सोपवलेलं असतं. ‘सध्या सुयांवर काय आहे? कुठं अडलंय?’ एवढंच ती विचारते. उत्तर आलं, की त्याच प्रकारचं विणलेल्या जुन्या सदस्याला हाक मारते. दोघांची ओळख झाली की माणूस सहसा टिकतो. शिवाय जुना विनोद निघाला, तर त्यामागची गोष्ट एका ओळीत सांगायचीच.

एकदम गर्दी मात्र जमवू नका. युजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत आणि जुने त्यांना रीतभात शिकवत. १९९३ नंतर नव्यांचा ओघ थांबेना, तेव्हा ती घडी मोडली. त्यामुळे जाहिरातीपेक्षा प्रत्येकानं ओळखीतल्या एखाद्याला बोलवावं, हे मला बरं वाटतं.

आणि गप्प राहणारे सगळेच नाराज नसतात हो. काहींना नुसतं वाचायला आवडतं. त्यांना ‘बोला ना’ म्हणून भंडावू नका.