फिगर कलतात उन्हाळ्यात, बुरसतात पावसाळ्यात: नाशिकच्या हवेतलं कपाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिडकोत सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात चाळीसेक पीव्हीसी फिगर, म्हणजे पात्रांचे प्लास्टिकचे छोटे पुतळे, आणि थोड्या डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूच्या छोट्या गाड्या. दोन फिगर पुढे कलल्यात, तीन-चार हाताला चिकट लागतायत, आणि मागच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या रिकाम्या खोक्यांना कुबट वास आला. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकूनही फरक नाही, तर आता हवेतली ओल काढणारं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर घ्यावा का?

आधी ही दुखणी वेगळी करू. कलणं आणि चिकटणं ही मुख्यतः उष्णतेची कामं, दमटपणाशी त्यांचा फारसा संबंध नाही. कुबट वास आणि बुरशी दमटपणाची. पंचाईत अशी की दोघांची औषधं उलटी आहेत. उष्णतेच्या दुखण्याला हवा खेळती लागते, दमटपणाला दार घट्ट बंद लागतं. बारा महिने एकच व्यवस्था ठेवली की एक बरं होतं आणि दुसरं बळावतं. मुंबई-कोकणातले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत ते यामुळेच. तिथे वर्षभर दमट. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी एका उन्हात कुरडया कडक होतील इतकी कोरडी हवा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बरणीतलं मीठ पाणी सोडतं.

कलण्याचं कारण बघा. पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक. त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ करतात, म्हणून केसांच्या बटा आणि कपड्यांच्या चुण्या इतक्या नाजूक निघतात. पण त्यामुळेच ते कमी तापमानाला सैल पडायला लागतं. एका पायावर उभ्या असलेल्या फिगरचा सगळा भार घोट्यावर येतो. पस्तीस अंशांच्या वर रोज थोडा वेळ, असं दोन महिने झालं की घोटा वाकतो. एका दिवसात काही दिसत नाही, म्हणून लक्षात यायला उशीर होतो. बेस, म्हणजे फिगर उभी असते ती चकती, बहुतेक वेळा एबीएस या कडक प्लास्टिकचा असतो, तो जसाच्या तसा राहतो.

सरळ करायची रीत: फिगर बेसवरून काढा. पाणी ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवा, स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर लावा. उकळतं पाणी नको, रंगाची चमक जाते आणि डिकल, म्हणजे चिकटवलेली बारीक चित्रं, सुटतात. फक्त वाकलेला भाग बुडवा: बारीक घोटा असेल तर ३० ते ६० सेकंद, जाड मांडी असेल तर दोन-तीन मिनिटं. बाहेर काढून हळूहळू सरळ करा, हवा त्यापेक्षा किंचित उलट्या बाजूला झुकवा आणि तसंच धरून गार पाण्यात मिनिटभर ठेवा. झटका दिला तर सांध्यावरचा रंग तडकतो. आत दिवा किंवा चुंबक असेल तर पाणी टाळा, हेअर ड्रायर एक वीत लांबून फिरवा. पोकळ सांध्यात पाणी शिरलेलं असतं, ते झटकून फिगर दिवसभर सावलीत उलटी ठेवा. नंतर पुन्हा उभी करताना कमरेखाली किंवा झग्याच्या आत ३ मिलिमीटरच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रॉडचा टेकू द्या, नाहीतर पुढच्या मे महिन्यात हेच. ज्यांना टेकू देता येत नाही त्या एप्रिल आणि मे मूळ ब्लिस्टरमध्ये, म्हणजे खोक्यातल्या पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यात, आडव्या ठेवा. ब्लिस्टरचं वरचं झाकण मात्र उघडं हवं.

झाकण उघडं का, तर तेच चिकटपणाचं कारण. प्लास्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येतं. हवा खेळती असेल तर थोडंथोडं उडून जातं, कोंडलेली असेल तर तिथेच साचतं. म्हणून वर्षानुवर्षं न उघडलेली, ‘एकदम नवी’ म्हणून विकली जाणारी फिगर कधीकधी कपाटात उभ्या केलेल्या फिगरपेक्षा जास्त चिकट निघते. त्यावर धूळ बसली की ती नुसत्या कापडाने निघत नाही.

धुणं सोपं आहे. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, पाच-दहा मिनिटं भिजवणं, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने चुण्यांमधून फिरवणं. शेवटचं पाणी आरओचं घ्या, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग गडद रंगावर उठून दिसतात. मग मायक्रोफायबरने टिपायचं, पुसायचं नाही, आणि पंख्याखाली २४ तास. उन्हात वाळवू नका. स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही नको, रंग उतरतो. डाग घासायचा पांढरा मेलामाइन स्पंजही नको, तो बारीक पॉलिश पेपरच असतो. टाल्कम पावडर लावून चिकटपणा झाकतात, पण ती चुण्यांमध्ये बसते आणि काढताना जीव जातो. धुतल्यावर चिकटपणा काही महिन्यांनी परत येऊ शकतो. कपाटाची हवा सुधारली नाही तर लवकर येईल.

आता कपाटाची उन्हाळ्यातली जागा. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडतो, म्हणून वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. एका पायावरच्या आणि लांब केसांच्या फिगर खाली आणा, डायकास्ट आणि बैठ्या मुद्रेच्या वर न्या. पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावलेलं कपाट दुसऱ्या भिंतीला हलवा. तेही बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला नको. भिंतीपासून तीन इंच मोकळे सोडा. खिडकीला जाड पडदा लावा, कारण ऊन अंगावर आलं तर उष्णतेच्या जोडीला पांढरा रंग पिवळा पडतो आणि तो परत येत नाही. आतली एलईडी पट्टी मीटरला ४.८ वॅटची पुरते. १४.४ वॅटवाली पाच मीटर लावली की बंद काचेत ७२ वॅटची शेगडी झाली. अ‍ॅडॅप्टर कपाटाच्या बाहेर ठेवा. मार्च ते मे दार बोटभर उघडं राहू द्या. आपल्याकडे रात्री हवा गार होते, त्यामुळे दहानंतर खिडकी आणि कपाट दोन्ही उघडून पंखा लावला तर दिवसभराची कोंडलेली उष्णता निघून जाते. धूळ बसेल, ती ब्रशने झटकता येते.

आणि कूलर. कोरड्या हवेत तो मस्त चालतो, म्हणून घरोघरी असतो. पण खिडकी न उघडता लावला तर तासाभरात खोली दमट होते. कपाट त्याच्या झोताच्या रेषेत असेल तर ऐन मे महिन्यात फिगरला पावसाळा भोगावा लागतो.

तुमच्या सिलिका जेलचा हिशोब करू, म्हणजे फरक का पडला नाही ते कळेल. पाच फूट उंच, दोन फूट रुंद, एक फूट खोल कपाट म्हणजे साधारण २८० लिटर हवा. २५ अंशांना संपृक्त, म्हणजे वाफेने पूर्ण भरलेल्या हवेत घनमीटरला २३ ग्रॅम पाणी असतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवरून ५५ वर आणायची तर घनमीटरला ७ ग्रॅम, म्हणजे तुमच्या कपाटातून जेमतेम २ ग्रॅम पाणी काढायचं. हे सोपं वाटतं. पण काचेच्या फटींतून दिवसातून एकदा जरी सगळी हवा बदलली तर रोज २ ग्रॅम, महिन्याला ६० ग्रॅम. सिलिका जेल त्या आर्द्रतेला आपल्या वजनाच्या पाव भागाएवढं पाणी धरतं, म्हणजे महिन्याला पाव किलो जेल हवं. सरकत्या काचांच्या कपाटात हवा याच्या तीन-चार पट बदलते. जोड्यांच्या खोक्यातली पुडी दोन-तीन ग्रॅमची असते, ती अर्धा-पाऊण ग्रॅम पाणी पिऊन पहिल्याच सकाळी संपते. पुढे ती नुसती शोभेची.

म्हणून पावसाळ्यात आधी फटी बुजवायच्या, जेल नंतर. काचेच्या कडांना सिलिकॉनची पारदर्शक पट्टी लावा, नाहीतर जूनच्या पहिल्या आठवड्यात फटींवर सरळ सेलोटेप मारा. दिसायला वाईट, काम चोख. मग नारिंगी रंगाचं सुटं जेल अर्धा किलो, जाळीच्या पिशव्यांत, तळाला. निळं जेल स्वस्त मिळतं, पण त्याचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, विषारी. घरच्या भांड्यात तापवायचं असेल तर ते नकोच. जेल पुन्हा कोरडं करायला ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ११० ते १२० अंशांवर, एका थरात, दोन तास. उन्हात ठेवून काही होत नाही, तेवढं तापमानच येत नाही. भरलं की नाही हे रंगापेक्षा वजनकाट्याला विचारा: कोरडं ५०० ग्रॅम होतं ते ६२० झालं की बदला.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे, ज्यांत खाली पाणी साचतं, ते कपाटात ठेवू नका. डबा कलंडला तर ते खारं पाणी डायकास्टचा धातू खातं.

तीन महिने दार बंद ठेवलं तर प्लास्टिसायझर साचणार नाही का? थोडं साचेल. पण २५ अंशांना त्याचा वेग उन्हाळ्याच्या मानाने कमी असतो. महिन्यातून एकदा, चांगली उघडीप पडलेल्या दुपारी, जेल बदलताना अर्धा तास कपाट उघडा, तेवढं पुरतं. रिपरिप चालू असताना ‘जरा हवा लागू दे’ म्हणून उघडलं तर महिन्याची मेहनत पाण्यात.

हे सगळं अंदाजाने करू नका. चारशे-पाचशे रुपयांचे दोन डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचे मीटर) घ्या, एक कपाटात, एक खोलीत. स्वस्त मीटर पाच-सात टक्के खोटं बोलतात, पण ते पकडता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ते ओलं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, पातळ करू नका. झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता असते. मीटर ७० दाखवत असेल तर पुढे नेहमी पाच मिळवा. कपाटात ४५ ते ५५ उत्तम. ६५ च्या वर आठवडाभर राहिलं की बोटांचे ठसे आणि धूळ यांवर बुरशी धरायला लागते, म्हणून फिगर हाताळण्याआधी हात धुवा.

एसी असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. ८५ टक्के आर्द्रतेच्या २५ अंशांच्या हवेत दव साधारण २२ अंशांना पडतं. रात्रभर एसी २० वर, सकाळी बंद करून खिडकी उघडली, की गार काचेवर आणि गार फिगरवर ओल धरते. २६ वर ठेवा, प्रश्न मिटला.

खोक्यांचं वेगळं आहे. तिथे पाणी हवेत नसतं, पुठ्ठ्यात असतं. अर्धा किलो पुठ्ठा पावसाळ्यात भरला तर त्यात कोरड्या दिवसांपेक्षा सहज २५ ग्रॅम पाणी जास्त असतं. तेवढं ओढून घ्यायला १०० ग्रॅम जेल जातं. म्हणून खोकी आत्ता भरा, मे संपायच्या आत, दुपारच्या कोरड्या हवेत उघडी ठेवून मग. रबरी कडेचं झाकण असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत, प्रत्येकी ५० ग्रॅम जेल पुरे. पेटी माळ्यावर नको, स्लॅबखालची ती सगळ्यात गरम जागा. पलंगाखाली ठेवा, फरशीपासून दोन इंच वर.

डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते, रंग चिकट करते. कापराचाही भरवसा धरू नका. कसर लागू नये म्हणून पुठ्ठा कोरडा असणं हाच इलाज. द्राक्षाच्या हंगामात रिकाम्या पेट्या फुकट मिळतात म्हणून त्यांत फिगर भरणारे आहेत. त्या पेट्यांत द्राक्षं टिकावीत म्हणून सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद घातलेले असतात. उरलेला वायू ओलीत आम्ल बनतो आणि धातूवर डाग पाडतो. पेटी कितीही मजबूत असली तरी राहू द्या.

गाड्यांबद्दल दोनच गोष्टी. मऊ टायर पॉलिस्टायरीनच्या बेसवर वर्षभर टेकले की बेस वितळल्यासारखा खड्डा पडतो, कारण तेच प्लास्टिसायझर. मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा. आणि जुन्या गाडीच्या धातूला बारीक भेगा पडून पापुद्रे सुटत असतील तर तो जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळल्याचा रोग. दमटपणाने तो वेग घेतो, पण थांबवता येत नाही. ती घासू नका, रंगवू नका.

राहिला डिह्युमिडिफायर. चाळीस फिगर एका कपाटात असतील तर यंदा नको. फटी बुजवून अर्धा किलो जेल आणि दोन मीटर, एवढ्यावर हा पावसाळा काढा. कपाटातलं मीटर तरीही ६५ च्या खाली येत नसेल किंवा संग्रह खोलीभर पसरला असेल तरच घ्या, आणि कॉम्प्रेसरवालाच. हातात मावणारे, कॉम्प्रेसर नसलेले पेल्टियरवाले दिवसाला वाटीभर पाणी काढतात, ते खोलीला पुरत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीला दिवसाला १० ते १२ लिटरवाला बघा. तो आकडा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेला असतो, आपल्या ऑगस्टमध्ये त्यापेक्षा बरंच कमी निघेल. खिडक्या बंद, सेटिंग ५५, आणि पाइप सरळ मोरीत सोडा, नाहीतर टाकी भरली की मशीन रात्रीच थांबतं. खोली दोन-तीन अंश तापेल, पावसाळ्यात ते चालतं, मे महिन्यात लावू नका. टाकीतलं पाणी झाडांना घाला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र नाही. दिसायला डिस्टिल्ड वाटलं तरी त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो.