वाहन सल्ला : शॉकअप नवे, हिसके जुनेच

प्रश्न : माझ्याकडे १९९९ ची मारुती जिप्सी किंग आहे. घोडबंदर रस्त्यावरची रोजची ये-जा आणि पावसाळ्यात माळशेजच्या एक-दोन फेऱ्या, एवढाच तिचा वापर होतो. गतिरोधकावरून उतरल्यावर पुढचा भाग दोन-तीनदा डोलत असे, म्हणून गेल्या महिन्यात पुढचे दोन्ही शॉकअप बदलून गॅसचे बसवले; त्याच वेळी पुढच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुशही नवे घातले. डोलणे थांबले, पण आता लहानशा खड्ड्यातही धाडकन हिसका बसतो आणि पाट्यांकडून करकर आवाज येतो. मागचे शॉकअप जुनेच असून त्यांच्यावर तेलकट धूळ चिकटली आहे. मेकॅनिकच्या मते मागेही गॅसचेच टाकावेत आणि चारही बाजूंना एकेक पाटा वाढवावा. हा खर्च करावा का?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : मागचे शॉकअप बदलावेत, पाटा मात्र वाढवू नये. गाडीचे वजन पाटे पेलतात. शॉकअप वजन पेलत नाही, तर पाट्याची वरखाली होणारी हालचाल आवरतो. त्याच्या आतले तेल बारीक झडपांतून जोराने ढकलले जाते आणि त्या हालचालीतली ताकद उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. जेमतेम एक टनाच्या आणि बहुतेक वेळा रिकाम्या धावणाऱ्या जिप्सीला आणखी एक पाटा घातला, तर ती अधिकच उडेल आणि ते उडणे आवरण्याचे काम पुन्हा शॉकअपवरच येईल. पाटे दबून खाली बसले आहेत का, हे आधी मोजून पाहावे. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने घ्यावे. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक आढळला, तरच पाट्यांच्या दुरुस्तीचा विचार करावा.

आता हिशोब पुढच्या हिसक्यांचा. गॅसमुळे शॉकअप कडक होतो असा समज सर्रास आढळतो, परंतु दाबाखालच्या नायट्रोजनचे मुख्य काम तेलाला फेस येऊ न देण्याचे आहे आणि कडकपणा बहुतांशी झडपांवर ठरतो. त्यामुळे बसवलेला नग जिप्सीसाठीच बनवलेला आहे की एखाद्या जड जीपचा, हे त्याच्यावरच्या भाग क्रमांकावरून ताडून घ्यावे. तो बरोबर निघाला, तर माझा संशय बुशांवर आहे. बुश बदलताना गाडी चेसीखाली उचललेली असते, पुढचा ॲक्सल लोंबत असतो आणि त्याच अवस्थेत पाट्यांचे व शॅकलचे (पाट्याचे टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबर त्या लोंबत्या कोनातच पकडले जाते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेले राहते, पाट्याला मोकळेपणी हलू देत नाही, करकरते आणि काही महिन्यांत फाटते. उपाय अगदी साधा आहे. चारही चाके जमिनीवर टेकवून पाट्यांचे, शॅकलचे आणि शॉकअपच्या डोळ्यांचे (टोकांच्या कड्यांचे) बोल्ट सैल करावेत, बंपरवर भार देऊन गाडी चार-पाच वेळा खालीवर हलवावी आणि चाके टेकलेली असतानाच कंपनीने दिलेल्या टॉर्कइतके आवळावेत. जिप्सीखाली शिरायला पुरेशी जागा असते, त्यामुळे हे काम लिफ्टविनाही होते. मागच्या कामासाठी पैसे मोजण्यापूर्वी हा अर्ध्या तासाचा खटाटोप करून पाहावा.

मागचे दोन्ही शॉकअप मात्र एकदमच बदलावेत, कारण एकच बदलल्यास डावे आणि उजवे चाक वेगवेगळ्या तऱ्हेने वागते. शॉकअपवर किंचित ओलसर थर दिसणे हा दोष नसतो; तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल, तर तो गेलाच म्हणून समजावे. शंका राहिल्यास आणखी एक परीक्षा आहे : खडबडीत रस्त्यावरून पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून लगेच चारही शॉकअपना जपून हात लावावा. काम करणारा कोमट लागतो, मेलेला थंड असतो. बंपर दाबून सोडण्याच्या परीक्षेवर पाट्यांच्या गाडीत मी फारसा विसंबत नाही, कारण पाट्यांचे आपसातले घर्षणच ते डोलणे लपवते. टायर पाहायला विसरू नये. त्यावर हाताला ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर उड्या मारत होते असे समजावे.

जिप्सीत शॉकअप स्प्रिंगला धरून ठेवत नाही, त्यामुळे साध्या मोटारींच्या स्ट्रटसारखा (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या जोडणीसारखा) स्प्रिंग दाबून धरण्याचा धोका इथे नाही. खरी अडचण गंजाची असते. आपल्याकडे खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा चिखल मिळून खालचे बोल्ट असे धरतात की पाना लावताच डोके गोल होते. मी स्वतः एकदा घाईने जोर लावून मागचा खालचा पिनच मोडला आणि दिवसभराची दुरुस्ती तीन दिवसांची केली. तेव्हापासून आदल्या रात्री तारेच्या ब्रशने गंज खरवडून गंज सोडवणारे तेल मारून ठेवतो आणि सकाळी पुन्हा मारतो. गाडी उचलावीच लागली, तर केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, चेसीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात. दुकानात आडवे पडून राहिलेले साधे तेलाचे शॉकअप बसवण्यापूर्वी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावेत आणि ओढावेत, म्हणजे आत शिरलेली हवा निघते. पहिल्या एक-दोन वेळा दांडा पोकळ हलतो, नंतर सलग जोर लागू लागतो. तुमच्या वापराला असे साधे शॉकअप पुरेसे आहेत. रंग देऊन नव्यासारखे केलेले जुने नग मात्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत.

प्रश्न : माझी जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे. लांब शॅकल लावून ती दोन इंच उंच करायची आहे. शॉकअप तेच ठेवले तर चालतील का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : चालणार नाहीत. चाक खाली लोंबताना जुना शॉकअप पूर्ण ताणला जाईल आणि पुढचा प्रत्येक झटका त्याच्या पिनवर बसेल. लांब शॉकअप घेताना उलट बाजूही मोजावी लागते : पाटा पूर्ण दबल्यावर रबरी स्टॉपला टेकण्याआधीच शॉकअप आत आपटता कामा नये. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, त्यामुळे पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला गाडी आरटीओत नेल्यावर हे काम अडचणीचे ठरू शकते. एवढे करूनही उंची वाढवायचीच ठरवली, तर चाक पूर्ण लोंबलेले असताना ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे शॉकअप विकत घेण्याच्या आधी पाहावे.