वाचक विचारतात : क्रुश्चेव्ह, क्रिमिया आणि आपलं बेळगाव

मागच्या अंकात एकानं विचारलं होतं की स्टालिननंतर रशियात कोण आलं, आणि मी दोन ओळीत निकिता क्रुश्चेव्हचं नाव सांगून पुढच्या प्रश्नाकडं वळलो. ते उत्तर अर्धवट होतं, कारण १९५३ च्या मार्चमध्ये स्टालिन गेला तेव्हा पंतप्रधान झाला तो मालेन्कोव्ह, पोलीस खातं होतं बेरियाच्या हातात, आणि क्रुश्चेव्हकडं तेव्हा कुणी फारसं बघतही नव्हतं. त्यावर खानापूर, निपाणी, बेळगाव सगळीकडनं पत्रं आलीत, व्हॉट्सॲपवर पण आलीत, त्यामुळं यावेळचं पूर्ण सदर याच माणसावर.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर रोज वाद चाललाय. एकजण म्हणतोय क्रुश्चेव्हनं दारूच्या नशेत क्रिमिया युक्रेनला बक्षीस देऊन टाकला, म्हणून आज युद्ध पेटलंय. एका माणसाच्या सहीनं असा प्रांत देता येतो काय? आपलं ५६ साली बेळगाव म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला जोडलं तसलंच हे का? सांगा की. (निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका)

गुरुजी, नशेची गोष्ट सोडून द्या, कागद बघूया. क्रिमिया रशियाकडनं युक्रेनकडं गेला तो १९ फेब्रुवारी १९५४ च्या हुकमानं, आणि तो हुकूम निघाला सुप्रीम सोव्हिएतच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या अध्यक्षमंडळाचा, ज्याचा अध्यक्ष होता व्होरोशिलोव्ह. क्रुश्चेव्ह पक्षाचा पहिला सचिव होऊन तेव्हा पाचच महिने झाले होते, पंतप्रधान अजून मालेन्कोव्हच होता. क्रुश्चेव्हचा जोर त्यामागं होता हे खरं, पण एकट्यानं खिशातनं काढून दिला असं नाही. हुकमात कारणं दिलीत ती अगदी सरकारी : जमीन लागून आहे, आर्थिक व्यवहार एक आहेत, संबंध जुने आहेत. निमित्त होतं १६५४ च्या पेरेयास्लाव कराराला तीनशे वर्षं झाल्याचं, म्हणजे युक्रेनचे कोसॅक आणि रशियाचा झार एकत्र आले त्याचं.

आता खरी अडचण काय होती ती बघा. १९४४ च्या मे महिन्यात स्टालिननं तिथल्या तातार लोकांना, सुमारे दोन लाख माणसांना, दोन-तीन दिवसात रेल्वेच्या डब्यात कोंबून मध्य आशियात हाकललं होतं. गावंच्या गावं रिकामी, युद्धानं सगळं मोडलेलं, आणि पाण्याची बोंब. क्रिमियाचं पाणी यायचं तर युक्रेनमधल्या नीपर नदीतनंच येणार होतं, पुढं कालवा काढला आणि १९६३ ला पाणी आलं. २०१४ ला रशियानं क्रिमिया घेतला तेव्हा युक्रेननं पहिल्यांदा काय बंद केलं असेल तर हाच कालवा! आपण म्हादईवरनं तीन राज्यं भांडताना बघतोय, तर हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मनात घर करून राहिला. रेषा एका देशाच्या आतच ओढलीय, त्यामुळं लोकांना काय फरक पडतो, असं वरच्यांना वाटतं, तेवढं सारखं आहे. मॉस्कोत बसलेल्यांच्या दृष्टीनं ती जिल्ह्याची हद्द होती, १९९१ ला सोव्हिएत युनियन फुटून तीच देशाची सीमा होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण फरक मोठा आहे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, निवडणुका लढवल्या, सीमावादासाठी महाजन आयोग आला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, दरवर्षी सायकल फेरी निघते. पटो न पटो, बोलता आलं. क्रिमियातल्या माणसाला कुणी विचारलं नाही आणि त्याला विचारायची सोयही नव्हती, आणि हाकललेल्या तातारांना तर क्रुश्चेव्हच्या काळातही परत येऊ दिलं नाही. तसंच हाकललेल्या चेचेन लोकांना १९५७ ला घरी सोडलं, तातार मात्र ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत बाहेरच. हे मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत फार लागतं. मी परवा तालुक्याच्या एका ऑफिसबाहेर एक म्हातारे बाबा बघितले, स्वतःच्याच जमिनीचा कानडीतला उतारा हातात घेऊन कानडी शाळेतल्या पोराकडनं वाचून घेत होते, सर्वे नंबर बरोबर आहे का एवढंच त्यांना बघायचं होतं, पोरानं तीनदा वाचून दाखवला तेव्हा घडी घालून खिशात ठेवला. रेषा कागदावर किती सोपी असते आणि माणसाच्या हातात आल्यावर काय होते ते त्या पाच मिनिटात दिसलं.

आणि गंमत अशी की हा क्रुश्चेव्ह स्वतः सीमेवरचाच. १८९४ ला कालिनोव्का गावात जन्मला, ते गाव रशियात, पण आजच्या युक्रेनच्या हद्दीला लागूनच. जातीनं रशियन, वाढला युक्रेनच्या दोन्बास खाणपट्ट्यात, भरतकामाचा युक्रेनी शर्ट घालून मिरवायचा. बरेच लोक त्याला युक्रेनचाच समजायचे.

प्रश्न : त्यानं युनोत बूट आपटला ते खरं का? (बी.ए.चा विद्यार्थी, टिळकवाडी)

१२ ऑक्टोबर १९६०, फिलिपिन्सचा प्रतिनिधी पूर्व युरोपच्या गुलामगिरीबद्दल बोलला आणि क्रुश्चेव्ह भडकला, मुठी आपटल्या एवढं नक्की. बूट टेबलावर ठेवलेला फोटो आहे. बूट हातात उगारलेला जो फोटो सगळीकडं फिरतो तो मात्र जोडकाम केलेला आहे, परीक्षेत त्याच्यावर विसंबू नकोस.

प्रश्न : गोव्याच्या वेळी मी लहान होते. आमच्या घरासमोरनं रात्रभर मिलिटरीच्या गाड्या जायच्या, आई खिडकी लावून घ्यायची आणि वडील म्हणायचे भिऊ नका, रशिया आपल्या पाठीशी आहे. रशियानं खरंच काय केलं होतं? (आजी, शहापूर, बेळगाव)

आजी, तुमच्या वडलांनी बरोबर सांगितलं होतं. डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या मोहिमेसाठी जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन बेळगावातच गोळा झाली होती, त्यातलं सैन्य अनमोड घाटातनं खाली उतरलं आणि सांबऱ्याच्या धावपट्टीवरनं उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन निकामी केलं. इकडं १८ तारखेला युनोच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्ताननं ठराव आणला की भारतानं सैन्य मागं घ्यावं. बाजूनं सात मतं पडली, विरोधात चार, म्हणजे ठराव पास झाला असता, पण रशियानं व्हेटो वापरला आणि तो तिथंच मेला. दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा. क्रुश्चेव्हनं नेहरूंना अभिनंदनाची तार पाठवली.

आणि हे एकदम आलेलं नव्हतं. १९५५ च्या नोव्हेंबरात तो आणि तेव्हाचा रशियाचा पंतप्रधान बुल्गानिन भारतात आले होते, तेव्हाच त्यांनी पोर्तुगीजांना गोव्यात राहायचा काही हक्क नाही असं उघड सांगितलं, श्रीनगरात जाऊन काश्मीर भारताचाच म्हणाले. त्याच वेळी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर पत्रक काढून गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटलं होतं, त्यामुळं आपल्या लोकांना रशिया जवळचा वाटला यात नवल ते काय. त्यात त्याचा स्वार्थ होताच, अमेरिकेला शह द्यायचा होता. पण वेळेला उपयोगी पडला तो पडलाच. आमच्या घरात रशियाची ती गुळगुळीत कागदाची मासिकं यायची, वडील वाचून झाली की आमच्या पुस्तकांना कव्हर घालायचे, माझ्या गणिताच्या पुस्तकावर कितीतरी वर्षं ट्रॅक्टरवर बसलेली एक बाई हसत होती.

प्रश्न : क्रुश्चेव्हला मक्याचं वेड होतं म्हणतात. मका वाईट पीक आहे काय? (शेतकरी, येळ्ळूर)

पीक चांगलंच हो, जागा चुकली! तुमच्या शिवारातला बासमती दुसऱ्या मातीत नेऊन लावला तर तसा वास धरेल का? तसं झालं. आपल्याकडं ज्याला कानडीत गोविनजोळ म्हणतात तो मका ऊब मागतो. क्रुश्चेव्हला लोकांच्या ताटात मांस आणि दूध वाढवायचं होतं, त्यासाठी जनावराला चारा पाहिजे, आणि अमेरिकेत मक्यावर जनावरं कशी पोसतात हे त्याच्या डोक्यात बसलं. आयोवाच्या गार्स्ट नावाच्या शेतकऱ्याकडनं संकरित बी घेतलं, १९५९ ला त्याच्या शेतावर स्वतः जाऊन आला. मग जिथं कणीस भरायच्या आत थंडी पडते तिथंपर्यंत मका लावायला लावला, आणि खालच्या अधिकाऱ्यांनी वरच्याला खूश करायला आणखी पुढं लावला.

हा खालच्यांचा रोग फार वाईट. र्याझान जिल्ह्याचा पक्षप्रमुख लारिओनोव्ह, त्यानं १९५९ ला सांगितलं की एका वर्षात मांस तिप्पट करतो. केलं कसं, तर दुभत्या गायी कापल्या, पैदाशीची जनावरं कापली, शेजारच्या भागातनं विकत आणून आपली म्हणून दाखवली. मोठा सन्मान मिळाला. पुढच्या वर्षी गोठे रिकामे, दूध नाही, धान्य नाही, आणि त्यानं आत्महत्या केली.

कझाकस्तान आणि सैबेरियाची पडीक जमीन नांगरायची मोहीम १९५४ ला काढली, तीन कोटी हेक्टरच्या वर जमीन नांगराखाली आणली. १९५६ ला पीक अफाट आलं. नंतर वाऱ्यानं माती उडाली, १९६३ ला दुष्काळ, आणि रशियाला कॅनडा-अमेरिकेकडनं गहू विकत घ्यावा लागला. गवताळ रान एकदा उघडं पाडलं की माती धरून ठेवायला काही राहत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न : स्टालिनच्या पापांचा पाढा त्यानं वाचला म्हणून त्याचं कौतुक होतं. पण तो स्वतः त्याच दरबारातला ना? मग त्याचं कौतुक का करायचं? (वाचक ताई, निपाणी)

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि मी त्याला वळसा घालणार नाही. शाळा जेमतेम दोन-चार वर्षं, चौदाव्या वर्षी खाणपट्ट्यात, फिटरचं काम, १९१८ ला बोल्शेविक पक्षात. पहिली बायको टायफसनं गेली, दोन लहान मुलं. तिथनं मॉस्कोच्या इंडस्ट्रियल अकॅडमीत, मग मॉस्कोचा पक्षप्रमुख, भुयारी मेट्रो खणून घेणारा, आणि १९३८ पासून युक्रेनचा प्रमुख. ती १९३७-३८ ची वर्षं म्हणजे अटका आणि गोळ्यांची वर्षं. त्याच्या मंजुरीनं माणसं गेली, हजारोंनी गेली. हात रक्तानं भरलेले होते हे त्यानं म्हातारपणी मान्य केलं.

पण २५ फेब्रुवारी १९५६ ची ती सकाळ डोळ्यासमोर आणा. कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या काँग्रेसचं, म्हणजे महासभेचं, बंद दाराआडचं अधिवेशन, परदेशी पाहुणे बाहेर, आणि हा माणूस जवळजवळ चार तास उभा राहून सांगतोय की स्टालिननं निरपराध कम्युनिस्टांना मारहाण करून खोटे जबाब लिहून घेतले. सभागृहात काही लोकांची तब्येत बिघडली. भाषण रशियात १९८९ पर्यंत छापलं गेलं नाही, पण देशभर पक्षाच्या बैठकांत वाचून दाखवलं. लाखो लोक छावण्यांतनं घरी आले. नवऱ्याची वाट बघून थकलेल्या बाईच्या दारावर एक दिवस हाडकुळा अनोळखी माणूस येऊन उभा राहतो, आणि तो तोच असतो. मला वाटतं याचं मोल करायला आकडा पुरत नाही.

त्यात खोट पण होती. सगळा दोष स्टालिनवर टाकला, स्वतःचा वाटा गाळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हंगेरीत रणगाडे घातले. १९६२ च्या जूनमध्ये नोव्होचेर्कास्कला मांस-लोण्याचे भाव वाढले म्हणून कामगार रस्त्यावर आले तर त्यांच्यावर गोळीबार झाला, आणि मेलेल्यांना गुपचूप वेगवेगळ्या दफनभूमीत पुरलं. क्युबात अण्वस्त्रं नेऊन जगाला घाबरवलं तेही यानंच, आणि शेवटी माघार घेऊन ती काढून नेली तेही यानंच.

तरी मला एक गोष्ट वेगळी वाटते. १९५७ ला मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह, कागानोविच या स्टालिनच्या जुन्या साथीदारांनी त्याला काढायचा डाव टाकला आणि हरले. स्टालिनच्या काळात असते तर भिंतीला लावले असते. यानं मोलोतोव्हला मंगोलियात राजदूत करून पाठवलं, मालेन्कोव्हला कझाकस्तानात वीज केंद्र सांभाळायला लावलं. म्हणून ऑक्टोबर १९६४ मध्ये, काळ्या समुद्राकाठी सुट्टीवर असताना बोलावून ब्रेझनेव्हच्या मंडळींनी यालाच काढलं, तेव्हा तोही जिवंत घरी गेला. त्या रात्री मिकोयान या जुन्या सहकाऱ्याला तो फोनवर म्हणाला, त्याचा आशय असा की स्टालिनला जा म्हणायची कुणाची हिंमत तरी झाली असती का, आता भीती गेलीय, बरोबरीनं बोलता येतं, हे मी केलं. पाचशे रुबल पेन्शन, मॉस्कोबाहेरच्या घरात टोमॅटो लावायचा, टेपरेकॉर्डरवर आठवणी बोलायचा. ११ सप्टेंबर १९७१ ला गेला.

कौतुक करा असं मी म्हणत नाही ताई. युक्रेनमधल्या ज्या घरातला माणूस १९३८ ला नेला त्या घराला ते सांगायचा मला हक्क नाही. पण १९५६ ला ज्यांचा माणूस परत आला त्या घरालाही विचारा.

प्रश्न : नाव नक्की कसं लिहायचं? क्रुश्चेव्ह, ख्रुश्चेव्ह की ख्रुश्चॉव? (वाचक, अनगोळ)

रशियन उच्चाराला जवळचं ख्रुश्चोव, शेवटचा भाग 'चोव'. मराठी पेपरांनी इंग्रजी स्पेलिंग बघून क्रुश्चेव्ह रूढ केलं आणि वाचकाला तेच ओळखीचं आहे म्हणून मी तेच लिहितो. बेळगाव, बेळगावी, बेलगाम, तिन्ही पाट्या वाचत आपण रोज बाजाराला जातोच की.