तिसऱ्या रविवारची मेणबत्ती

पत्र:
ताई, नऊ वर्षं मी आमच्या मंडळीच्या गायकवृंदाची जबाबदारी सांभाळते. यंदा वृद्धाश्रमात आणि रुग्णालयात जाऊन नाताळची गीतं गाणार आहोत, रोज सराव चालू आहे. लोकांचे चेहरे फुलतात, पण ख्रिस्तजन्माच्या रात्री उपासनेला उभी राहते तेव्हा मी आतून कोरडी असते. ख्रिस्ताची शांती मला कशी मिळेल? जी माझ्याजवळच नाही ती दुसऱ्यांना कशी देऊ? घरातून फारशी साथ नाही. सासरे गेल्या वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गेले, तेव्हापासून सासूबाई संध्याकाळ झाली की खोलीचं दार लावून घेतात. ते असो. एखादी प्रार्थना किंवा वाचन सुचवाल का?
– एक बहीण

उत्तर:
बहिणी,

प्रार्थना सुचवत नाही. वाचन सांगेन, पण आधी ते 'ते असो' मला बघू दे.

तुझं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यातलं एक अख्खं पान सरावाचं. सासऱ्यांच्या वाट्याला अर्धं वाक्य आलं, आणि त्या अर्ध्या वाक्यात तू तो दिवस लिहून गेलीस. आगमनकाळाचा तिसरा रविवार. नऊ वर्षं गायकवृंद चालवणारीला तो रविवार कसला, हे सांगायला लागू नये. अनेक चर्चमध्ये आगमनकाळाच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. ती गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. या रविवारचं जुनं लॅटिन नाव 'गौदेते', म्हणजे 'आनंद करा'. त्या दिवशी तुझ्या सासूबाईंचा नवरा गेला. आता वर्ष फिरून तोच रविवार पहिल्यांदा परत येतोय.

या मेणबत्त्या मुळात दिवस मोजण्यासाठीच आल्या. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचे ख्रिस्ती धर्मपंडित गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. नाताळला किती दिवस राहिले, असं मुलं सारखी विचारायची. म्हणून त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. ती मुलं आनंदाचा दिवस मोजत होती. तुमच्याकडे पहिली मेणबत्ती पेटली तेव्हापासून सासूबाईही मोजत असणार, बंद दाराआड, एकट्याच. आणि तू लिहितेस, 'घरातून साथ नाही'. हे वाचून मला राग आला, बहिणी. साथ कोणी कोणाला द्यायची होती?

तू वाईट आहेस असं मला वाटत नाही. तू पळते आहेस असं वाटतं. सासऱ्यांना तू काय हाक मारायचीस, बाबा की पप्पा? पत्रात तेही नाही. नऊ वर्षं तुझं गाणं त्यांनी ऐकलं असेल. ते गेल्यावर किती दिवसांनी तू सरावाला उभी राहिलीस? मला उत्तर नको, तुझं तुलाच दे. तू म्हणतेस तो कोरडेपणा मला न रडलेल्या बाईचा वाटतो. आनंदाच्या आड सासूबाई येत आहेत अशी तुझी समजूत झाली आहे. माझ्या मते तुझी वाट त्यांच्याच खोलीतून जाते.

'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे फिलिप्पैकरांना पत्रात लिहिताना प्रेषित पौल बेड्यांत होता. त्याच पौलाने रोमकरांना लिहिताना आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक, दोन्ही एका वाक्यात मागितलं. तुम्ही गायकवृंदवाले पहिला अर्धा भाग फार सुरेख गाता. आणि ती गुलाबी मेणबत्ती कुठे उभी असते, बघ. पश्चात्तापाच्या जांभळ्या रंगाच्या मधोमध. तिच्यासाठी जांभळ्या मेणबत्त्या कोणी बाजूला काढून ठेवत नाही.

आता वाचन. लूककृत शुभवर्तमान, दुसरा अध्याय, ३६ ते ३८ ओव्या. नाताळात आपण मेंढपाळांपर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो. पुढे मंदिरात हन्ना भेटते. सात वर्षं संसार झाला, मग वैधव्य, आणि आता वय ८४. उपास आणि प्रार्थना करत ती मंदिरातच असते. मरीया बाळाला घेऊन येते तेव्हा ही म्हातारी देवाचे आभार मानते आणि मुक्तीची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाविषयी सांगू लागते. शांती दुसऱ्यांना कशी द्यायची, असं तू विचारलंस ना? ख्रिस्तजन्माच्या कथेत ते काम एका विधवेने केलं आहे. आणि तुझ्या घरातली विधवा तू 'ते असो'मध्ये ठेवलीस.

तेव्हा तिसऱ्या रविवारी गायकवृंद दुसऱ्या कोणाच्या तरी हाती दे. एखादा सूर चुकला तरी चालेल. संध्याकाळी दार लागलं की हलकेच वाजव आणि आत जा. हातात काही नको, बायबलसुद्धा नको. त्यांनी दिवा लावला नसेल तर तूही लावू नकोस. 'बाबा आता प्रभूजवळ सुखात आहेत' हे बोलू नकोस, ते त्यांना तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. एवढंच विचार, 'आई, गेल्या वर्षी त्या दिवशी बाबा शेवटचं काय बोलले?' आणि मग गप्प बस. त्या बोलतील किंवा बोलणार नाहीत. रडतील, कदाचित तुझ्यावर चिडतीलही, कारण हा प्रश्न यायला वर्ष लागलं. चिडू देत. तुला रडू आलं तर आवरू नकोस.

मग, तुमच्या घरी आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचं चक्र असेल तर ते नंतर तिथेच, त्यांच्या खोलीत घेऊन ये आणि काडेपेटी त्यांच्या हातात दे. तिसरी मेणबत्ती त्यांनी लावली तर लावली. नको म्हणाल्या, तर ती तशीच राहू दे आणि त्या झोपेपर्यंत जवळ बसून राहा.